दोन जावा, दोन औषधं

पितृपक्षात पुण्यातल्या भूलतज्ज्ञांना जरा उसंत असते. मुहूर्त काढून करायचे सिझर या पंधरवड्यात कोणी ठरवत नाही. हर्निया, गुडघे, पित्ताशय असली थांबण्यासारखी सगळी ऑपरेशनं ‘नवरात्रात बघू’ म्हणून पुढे जातात. त्यामुळे धायरीच्या अलीकडच्या एका छोट्या हॉस्पिटलातून गायनॅक मॅडमचा सकाळी सातला फोन आला, “पहिलटकरीण आहे, एपिड्युरल हवंय, दिवसभर बसशील का?” तेव्हा मी लगेच हो म्हटलं. एरवी हा प्रश्न अवघड असतो. माझ्यासारखी, कुठल्याच हॉस्पिटलच्या नोकरीत नसलेली भूलतज्ज्ञ एका सकाळी चार ठिकाणी फिरते. एपिड्युरल, म्हणजे पाठीत घातलेल्या बारीक नळीतून कळांवर द्यायचं बधिरीचं औषध, एकदा दिलं की मात्र बाळ होईपर्यंत त्या इमारतीतून हलता येत नाही. आपल्याकडे छोट्या हॉस्पिटलांत कळा सोसणाऱ्या बायकांना ही सोय सहसा का मिळत नाही, याचं कारण लोक औषधाच्या किमतीत शोधतात. खरं कारण हे बसून राहणं आहे.

मी पोचले तेव्हा धाकटीला (नावं सांगत नाही, त्या घरात त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणतात) चांगल्या कळा येत होत्या आणि पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं होतं. सोबत सासूबाई आणि नवरा. नवरा हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. त्याने मला बाजूला घेऊन मोबाइल पुढे केला.

“मॅडम, रोपिव्हकेनच वापराल ना? ब्युपिव्हकेनने हार्ट बंद पडू शकतं असं वाचलंय मी. आणि पायही जड होतात म्हणे.”

दोन्ही बधिर करणारी औषधं. असं औषधाचं नाव घेऊन मागणारे नातेवाईक आता नवीन राहिलेले नाहीत. सगळ्याच सहकाऱ्यांना ते आवडत नाहीत. मला आवडतात, कारण निदान कशाची भीती वाटते ते तरी नेमकं कळतं. त्याला म्हटलं, आधी सुई देते, मग बोलू. कळ आलेल्या बाईसमोर औषधशास्त्रावर चर्चा करण्यात अर्थ नसतो.

माझा नेहमीचा शिरस्ता साधा आहे. ब्युपिव्हकेनची अर्ध्या टक्क्याची बाटली असते, त्यातलं १० एमएल घ्यायचं, त्यात १०० मायक्रोग्रॅम म्हणजे २ एमएल फेंटॅनिल (अफूच्या जातीचं वेदनाशामक), वर ३८ एमएल सलाइन. झालं ५० एमएल ०.१ टक्क्याचं मिश्रण. या हॉस्पिटलात फेंटॅनिलचा परवाना आहे, कपाटाला कुलूप आहे, रजिस्टर आहे. ही फार मोठी गोष्ट. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, तरी कितीतरी छोट्या हॉस्पिटलांत ते अजून मिळत नाही. मग नुसत्या भुलीच्या औषधावर भागवायचं म्हणजे ते दाट करावं लागतं, आणि दाट केलं की पाय जातात. रोपिव्हकेन की ब्युपिव्हकेन यापेक्षा फेंटॅनिल आहे की नाही, हा प्रश्न मी आधी विचारते.

त्या दिवशी कपाटात रोपिव्हकेनच्या ०.२ टक्क्याच्या दोन बाटल्या होत्या, वीस-वीस एमएलच्या. मागणी अवास्तव नव्हती. पंचवीस एमएल काढलं, फेंटॅनिल घातलं, बाकी सलाइन. हेही ०.१ टक्के. उरलेलं पंधरा एमएल वेगळ्या सिरिंजमध्ये नाव लिहून ठेवलं, अडीअडचणीला.

धाकटी धीराची. पाठीची कमान करून बसली, दोन कळांच्या मध्ये सुई गेली, सलाइनच्या सिरिंजला लागणारा जोर एकदम सुटला, म्हणजे जागा सापडली, आणि कॅथेटर, ती बारीक नळी, आत सरकलं. मग लिग्नोकेन-अ‍ॅड्रेनलिनचा ३ एमएलचा चाचणी डोस. गरोदर बाईच्या कण्याभोवतीच्या शिरा फुगलेल्या असतात, कॅथेटर चुकून शिरेत शिरू शकतं. तसं झालं असेल तर त्या थोड्याशा अ‍ॅड्रेनलिनने नाडी एकदम धावते आणि कळतं. कळेनेही नाडी धावतेच, म्हणून हा डोस कळ ओसरल्यावर द्यायचा, एवढीच मेख. नाडी जागेवर राहिली. मग १० एमएल मिश्रण सावकाश, दोन हप्त्यांत. पंधराएक मिनिटांनी मॉनिटरच्या कागदावर कळेचा डोंगर चढत होता आणि धाकटी नवऱ्याला सांगत होती की गाडीत राहिलेला चार्जर आण.

सासूबाई दारात उभ्या होत्या. सुनेला बरं वाटलेलं बघून त्यांचा चेहरा सैलावायला हवा होता, तसं झालं नाही. त्या मला कोपऱ्यात घेऊन गेल्या.

“मॅडम, एक विचारू का? पाठीतल्या सुईनं डिलिव्हरी लांबते म्हणतात. खरं का?”

मी नेहमीचं उत्तर द्यायला सुरुवात केली: तसं काही नाही, काळजी करू नका, शेवटचा ढकलायचा टप्पा थोडा लांबू शकतो, पण त्यामुळे सिझर होण्याचं प्रमाण वाढत नाही...

“नाही नाही, लांबू द्या की! बारापर्यंत तरी थांबवा.”

आमच्या ह्यांची आज तिथी आहे, म्हणाल्या. घरी माझ्या धाकट्या जाऊबाई स्वयंपाकाला बसल्यात, गुरुजी अकराला यायचेत. त्याआधी घरात मूल जन्मलं की सोयर लागणार, मग श्राद्ध कसं करायचं? माझ्या इतक्या वर्षांच्या कामात एपिड्युरलने डिलिव्हरी लांबावी म्हणून विनंती करणाऱ्या या पहिल्याच बाई. मी म्हटलं, काकू, पहिलटकरीण आहे, चार सेंटिमीटर आहे, बारापर्यंत काही होत नाही. तुम्ही निश्चिंत घरी जा.

त्या निघाल्याही. तेवढ्यात जिन्यात थोरली भेटली. थोरली म्हणजे मोठी सून, तिचाही नववा सरत आलेला, हातात धाकटीसाठी पेजेचा थर्मास. तिची तारीख दहा-बारा दिवस पुढची. तिला तीन वर्षांची मुलगी आहे, म्हणजे ही दुसरी खेप. सासूला “आई, तुम्ही निघा, मी थांबते हिच्याजवळ” म्हणाली आणि पहिल्या मजल्यावरच्या बाकावर बसायला वाकली, तेवढ्यात तिचं पाणी गेलं.

पुढची वीस मिनिटं सांगत नाही. मावशींनी फरशी पुसली, सिस्टरने दुसरी खाट तयार केली, सासूबाई तिथेच बाकावर बसल्या आणि गुरुजींना फोन लावला. “थोडं लवकर येता का हो?” थोरल्या मुलाला मात्र येता येईना, श्राद्धाला तोच बसायचा.

दहा वाजता थोरली सहा सेंटिमीटर होती आणि पडद्यापलीकडे जाऊ शांतपणे पडून आहे हे तिला दिसत होतं. पहिल्या वेळी तिने सगळं सोसलं होतं. तिने मला एवढंच विचारलं, “मलाही देता का ते?” कोणतं औषध, हे विचारणारं तिच्याजवळ कोणी नव्हतं. नवरा घरी दर्भ बोटात घालून बसलेला. रोपिव्हकेनच्या बाटल्या धाकटीसाठी फोडून झालेल्या. मी माझं नेहमीचं ब्युपिव्हकेन भरलं. माझ्या मते त्यात कमी-जास्त काही नव्हतं, आजही नाही.

एका मजल्यावर, एका पडद्याच्या अल्याड-पल्याड दोन जावा, एकीला ०.१ टक्के रोपिव्हकेन आणि दुसरीला ०.१ टक्के ब्युपिव्हकेन, फेंटॅनिल दोघींना सारखं. ऐकायला हा प्रयोग वाटतो. घरच्यांना तर वाटलाच.

थोरलीचं झकास चाललं. दहा एमएलमध्ये दुखणं गेलं. स्पिरिटचा बोळा पोटावरून फिरवला, बेंबीपर्यंत गार लागत नव्हतं, दोन्ही बाजूंना सारखं. पाय उचलून दाखव म्हटलं तर तिने गुडघा सरळ ठेवून पाय चांगला वर धरला. “मॅडम, मी चालू शकते.” चालू नकोस, म्हटलं. आधाराने बाथरूमपर्यंत नेलं असतं, पण तिचा वेग बघता तेवढा वेळच मिळणार नव्हता.

सव्वाबाराला घरून फोन आला: पान ठेवलं, पिंड झाले, ब्राह्मण जेवायला बसलेत. सासूबाईंनी हात जोडले. पाऊण वाजता थोरलीला मुलगा झाला. तीन-चार वेळा जोर केला, इतकंच. जोर कधी करायचा ते तिला कळत होतं, पाय तिचे तिला आवरत होते, टाकेसुद्धा दोनच. सासूबाई रडल्या, मग हसल्या, मग मला म्हणाल्या, “तुमचं औषध गुणाचं आहे हो.”

धाकटीचं मात्र अकरानंतर बिनसलं होतं.

बाळाचं डोकं फिरलेलं होतं. डोक्याची मागची बाजू आईच्या माकडहाडाच्या दिशेला. अशा वेळी कळ पोटात कमी आणि कमरेत जास्त येते, आणि ती कमरेतली कळ पातळ औषधाला सहज दाद देत नाही. धाकटीने साडेअकराला सांगितलं, दुखतंय. मी त्याच मिश्रणाचे आणखी ८ एमएल दिले. तासभर बरं. परत दुखायला लागलं. मग उरलेल्या त्या सिरिंजमधलं ०.२ टक्क्याचं ८ एमएल दिलं. आता दुखणं पूर्ण गेलं, पण पाय जड झाले. उजवा गुडघा वाकवता येई, सरळ पाय उचलता येईना. हे तासा-दीड तासाने उतरतं, आणि उतरलं. तरी तेवढ्या वेळात सासूबाई आत येऊन गेल्या. थोरली पलीकडच्या खोलीत पाय दुमडून बसून बाळाला पाजत होती आणि धाकटी लाकडासारखी पडलेली.

दीडच्या सुमारास मी चहाला खाली उतरले तर धाकटीचा नवरा टपरीवर उभा. चेहरा उतरलेला. “मॅडम, मीच चुकीचं औषध मागितलं का?”

मी त्याला बसवलं. सकाळचं राहिलेलं बोलणं आता करायला हरकत नव्हती.

हार्ट बंद पडण्याची गोष्ट खोटी नाही. १९७९ मध्ये अल्ब्राइट नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञाने लिहिलं की ब्युपिव्हकेन आणि त्याच घराण्यातलं एटिडोकेन दिल्यावर काही रुग्णांचं हृदय बंद पडलं आणि ते चालू करणं फार जड गेलं. त्यांत बाळंतिणी होत्या. ब्युपिव्हकेनचे रेणू दोन जातींचे असतात, एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. त्यातली उजवी जात हृदयातल्या सोडियमच्या वाटांमध्ये पटकन शिरते आणि तिथून लवकर निघत नाही. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी बाळंतपणात ०.७५ टक्क्याचं ब्युपिव्हकेन वापरू नये असं सांगितलं. त्याच काळजीतून, फक्त डाव्या जातीचे रेणू असलेली औषधं पुढे आली: १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं रोपिव्हकेन, आणि मग लिव्होब्युपिव्हकेन.

“म्हणजे मी वाचलं ते बरोबरच आहे.”

बरोबर आहे, पण आकडा बघ, म्हटलं. ०.७५ टक्क्याचे २० एमएल म्हणजे १५० मिलिग्रॅम. तुझ्या वहिनीला मी दिलं ते १० एमएल, ०.१ टक्क्याचं. किती झालं?

“दहा मिलिग्रॅम.” हिशोबाला पक्का.

दहा मिलिग्रॅम सगळंच्या सगळं शिरेत गेलं असतं, तरी त्या जुन्या प्रसंगांसारखं काही होण्याची शक्यता फार कमी. शिवाय चाचणी डोस असतो, सावकाश देणं असतं, आणि कपाटात २० टक्क्यांचं लिपिड असतं. ती दुधासारखी पांढरी बाटली भुलीच्या औषधाच्या विषबाधेवरचा उतारा आहे. वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये उंदरांवर दाखवलं, आणि २००६ मध्ये माणसाचं हृदय त्याने पुन्हा चालू झाल्याची पहिली नोंद आली. मी ज्या हॉस्पिटलात ती बाटली नसते, किंवा मुदत संपलेली असते, तिथे एपिड्युरल देत नाही. यावरून माझी काही ठिकाणी भांडणं झालेली आहेत.

“मग रोपिव्हकेन काढलंच कशाला?”

खांद्याच्या ऑपरेशनला नस बधिर करायची असते, तिथे अर्ध्या टक्क्याचे वीस एमएल एका जागी जातात. तिथे मी कोणी न मागता रोपिव्हकेन घेते. जिथे मात्रा मोठी तिथे त्या औषधाचा फायदा मोठा. कळांसाठी आम्ही इतकं पातळ करून देतो की तो फायदा फारसा उरत नाही.

“आणि पाय?”

हा प्रश्न जास्त मजेदार आहे, आणि भूलतज्ज्ञांनीही यावर वर्षानुवर्षं वाद घातलाय. रोपिव्हकेनने पाय कमी जड होतात असं सुरुवातीच्या तुलनांमध्ये दिसलं. पण त्या तुलना कशा होत्या? टक्केवारी सारखी ठेवून. प्रश्न असा की दोन्ही औषधांची टक्केवारी सारखी म्हणजे ताकद सारखी का? ते मोजायची एक छान पद्धत कोलंब आणि लायन्स यांनी १९९५ मध्ये कळा येणाऱ्या बायकांसाठी मांडली. एकीला २० एमएल द्यायचं. तिचं दुखणं गेलं तर पुढचीला थोडं पातळ, नाही गेलं तर पुढचीला थोडं दाट. असं करत करत जिथे निम्म्या बायकांना आराम पडतो तो आकडा सापडतो. (ज्यांना आराम पडत नाही त्यांना लगेच दाट औषध देतात, तसंच दुखत ठेवत नाहीत.) १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाला ब्युपिव्हकेनचा आकडा ०.०६७ टक्के आणि रोपिव्हकेनचा ०.१११ मिळाला. त्याच वर्षी युरोपातल्या गटाला ०.०९३ आणि ०.१५६. आकडे वेगळे, पण भागाकार करून बघ.

त्याने मोबाइल काढला. “दोन्हीकडे साधारण ०.६.”

म्हणजे रोपिव्हकेनची ताकद ब्युपिव्हकेनच्या सुमारे साठ टक्के. पाय जड करण्याची ताकदही पुढे मोजली गेली, ती जवळपास त्याच प्रमाणात कमी निघाली. मग पाय हलके राहतात ते औषध पायांना जपतं म्हणून, की मुळात कमी दिलं जातं म्हणून? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. सगळे भूलतज्ज्ञ मानत नाहीत, आणि त्यांच्याही बाजूने बोलण्यासारखं आहे: निम्म्या बायकांना आराम देणारी मात्रा म्हणजे आपण रोज देतो ती मात्रा नव्हे, आपण सगळ्यांनाच आराम पडेल अशी देतो, आणि त्या वरच्या टोकाला दोन्ही औषधांमधलं अंतर तेवढंच राहतं असं धरून चालता येत नाही.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे ०.१ आणि ०.१ सेम नव्हतंच. तिला वहिनीपेक्षा कमी मिळालं. मग वहिनीचे पाय जड व्हायला हवे होते.”

मला त्याचा हेवा वाटला. हा प्रश्न विचारायला एमडीच्या विद्यार्थ्यांना वेळ लागतो.

नाही झाले, म्हटलं, कारण वहिनीला एका डोसात भागलं. दुसरी खेप, बाळ सरळ, अडीच-पावणेतीन तासांत मोकळी. तुझ्या बायकोला तीन वेळा द्यावं लागलं, त्यात एकदा दाट. तिचे पाय औषधाच्या नावाने जड झाले नाहीत, बाळाच्या डोक्यामुळे जास्त द्यावं लागलं म्हणून झाले. तिला ब्युपिव्हकेन दिलं असतं तरी दुपारी मी हेच केलं असतं. दोघींची तुलना करू नकोस.

“बेसलाइनच वेगळी,” तो म्हणाला. त्याच्या कामातला शब्द, पण अगदी चपखल.

खरी तुलना करायची तर शेकडो बायका लागतात, चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या, आणि सिरिंजमध्ये काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसलेलं. तशा तुलना झाल्यात. रोपिव्हकेन आणि ब्युपिव्हकेन यांत आपसूक खालून बाळ होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. फरक निघाला तो दुसरीकडे. इंग्लंडमध्ये २००१ मध्ये कॉमेट नावाचा मोठा अभ्यास आला, हजारावर पहिलटकरणींचा. जुनं दाट, पाव टक्क्याचं ब्युपिव्हकेन मिळालेल्यांमध्ये ३५ टक्के जणी व्हॅक्यूम, चिमटे किंवा सिझर न लागता मोकळ्या झाल्या. फेंटॅनिल घालून पातळ केलेलं मिळालेल्यांमध्ये ४३ टक्के. औषध दोन्हीकडे तेच, ब्युपिव्हकेन. पातळ केल्याने आठ टक्क्यांचा फरक पडला. मी शिकत होते तेव्हा वॉर्डात पाव टक्का सर्रास चालायचा आणि बाळंतिणीचे पाय दोघींनी उचलून धरावे लागायचे. त्या आठवणीमुळे मी आज फार काटेकोरपणे सलाइन मोजते.

वर आले तर सासूबाई बाकावर माझी वाट बघत होत्या. त्यांना सिस्टरकडून कळलं होतं: एकीला महागाचं, एकीला साधं.

“मॅडम, आमच्यात दोन्ही सुना सारख्या. साडी घेतली तर दोघींना एका भावाची. तुम्ही असं कसं केलंत?”

आधी मला वाटलं, थोरलीला स्वस्तातलं दिलं म्हणून रागावल्यात. तसं नव्हतं. धाकटीला ते महागाचं देऊन तिचे हाल केले, असं त्यांचं म्हणणं. किमतीतला फरक काहीशे रुपयांच्या आतला, पण ‘महाग’ हा शब्द त्यांच्या डोक्यात बसला होता, आणि महाग ते फसवं असा त्यांचा आयुष्याचा अनुभव असावा. त्यांना ०.६ सांगून उपयोग नव्हता. म्हटलं, काकू, लवंगी मिरची आणि ब्याडगी मिरची यांचं तिखट एकसारखं असतं का? नसतं. दोन्ही चांगल्याच ना? चांगल्याच. पण एकेक चमचाच घातला तर आमटी सारखी होईल का? त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “धाकटीला ब्याडगी दिलीत. मग तिला जास्त घालायला नको होती का?”

त्याच क्षणी मला कळलं की या बाई लेकापेक्षा हुशार आहेत. हो, म्हटलं, म्हणून तर नंतर दाट दिली.

“मग आधीच लवंगी द्यायची की.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणजे होतं, पण ते ‘तुमच्या मुलाने मागितलं’ असं होतं, आणि ते मी बोलले नाही.

संध्याकाळी पाचपर्यंत धाकटीचे पाय परत तिच्या ताब्यात आले होते. गायनॅक मॅडमने तिला कुशीवर वळवून ठेवलं, मध्ये उशी घालून, मग दुसऱ्या कुशीवर. तासातासाला मी ८-१० एमएल पातळ मिश्रण देत राहिले. मोठ्या हॉस्पिटलांत यासाठी पंप असतात, ठराविक वेळाने आपोआप डोस देणारे, किंवा बाईच्या हातात बटण देणारे. इथे पंप म्हणजे मी. सहाला तोंड पूर्ण उघडलं. बाळाचं डोकं निम्मं फिरलं आणि तिथेच अडलं. दीड तास जोर केला तिने. कळ कधी येते ते तिला दाबासारखं जाणवत होतं, दुखण्यासारखं नाही, आणि ती बरोबर वेळेवर ढकलत होती. पण दमली. बाळाचे ठोके मध्येच खाली जाऊन सावकाश वर यायला लागले तेव्हा मॅडमने माझ्याकडे बघितलं. मी तोवर दुसरी सिरिंज भरून ठेवली होती, लिग्नोकेन दोन टक्के अ‍ॅड्रेनलिनसकट. एकाएकी सिझर करायची वेळ आली तर कळांचं पातळ मिश्रण कामाचं नाही. त्याच कॅथेटरमधून हे दिलं की काही मिनिटांत पोट बधिर होतं. एपिड्युरल आधीपासून चालू असण्याचा हा मोठा फायदा, आणि त्याबद्दल नातेवाईकांना कोणी सांगत नाही.

ती सिरिंज वापरावी लागली नाही. व्हॅक्यूम लावला, दुसऱ्या ओढीला डोकं आलं. मुलगी. आल्याआल्या रडली. टाके बरेच पडले, पण टाके घालताना धाकटीला काही कळलं नाही, ती मुलीचे केस बघत होती.

सासूबाईंनी मुलीला घेतलं, तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, “आजोबांच्या तिथीला आली, पण जेवून झाल्यावर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींना बघायला गेले. पाठीत सुई टोचली तिथे दोघींनाही थोडं ठणकत होतं. ते दोन-चार दिवसांत जातं. आयुष्यभर कंबर धरते ही समजूत आहे, पण ती काढायला मी कधीच पुरी पडत नाही. डोकं दुखतंय का, पायांत मुंग्या आहेत का, लघवी होते का, सगळं ठीक. मग मी माझ्या कुतूहलापोटी दोघींना वेगवेगळं विचारलं, काल काय त्रास वाटला?

थोरली म्हणाली, “खाज. नाकाला आणि छातीला नुसती खाज सुटली होती.”

धाकटी म्हणाली, “बाकी काही नाही हो, पण खाज फार आली.”

खाज फेंटॅनिलची. ते दोघींच्या सिरिंजमध्ये सारखंच होतं.

गेल्या आठवड्यात गायनॅक मॅडमचा फोन आला. त्याच घरातली, चुलत सासूकडची सून, नववा लागलाय, नाव नोंदवायला आली होती. एपिड्युरल हवंय म्हणाली, पण अट आहे. घरच्यांनी बजावून पाठवलंय: ते महागाचं नको, थोरलीला दिलं होतं ते साधंच पाहिजे.

“काय सांगू तिला?” मॅडमने विचारलं.

मी म्हटलं, चालेल म्हणून सांग. नाहीतरी मी तेच देणार होते.